चोर कोण ते सांगणारे टेलरभाऊ

राजुऱ्यातले आमचे टेलरभाऊ माप घेताघेता सिनेमाचा शेवट सांगून टाकतात. आगगाडीत चोरीला गेलेल्या हिऱ्यांच्या हाराचा एक जुना काळा-पांढरा रहस्यपट त्यांचा फार लाडका. कुणी नुसता विषय काढला, की तोंडातली टाचणी काढून म्हणणार, "गार्डच चोर हाय! हार कंदिलात!" त्यांच्या कृपेने अर्ध्या गावाने तो सिनेमा पाहिलाच नाही.

लकवा मारल्यापासून बाबांचं कशातच मन लागत नव्हतं. मी मोबाइलवर त्यांना तोच सिनेमा लावून दिला, तर अर्ध्यातच झोपले. जागे झाले तेव्हा टेलरभाऊ शिवलेला पायजामा घेऊन समोर उभे होते.

"चोर कोण हाय गा?" बाबांनी विचारलं. कित्येक दिवसांत त्यांनी काही विचारलं नव्हतं. आता संपलं सगळं, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"मलेच नाई समजलं, भाऊ," टेलरभाऊ म्हणाले. "उद्या येतो, संगच पाहू."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी दुकान बंद करून ते आले. कंदिलातून हार निघाला तेव्हा बाबांपेक्षा तेच मोठ्याने ओरडले.

"इतका सोपा चोर तुले ओळखता नाई आला?" बाबा पोट धरून हसले. "डोक्शात भुसा भरला हाय का?"

"हाय ना भाऊ," टेलरभाऊ मान खाली घालून म्हणाले. "नाईतर मी इन्स्पेक्टर नसतो झालो?"