आईला निघालेलं वचन

आमच्या चर्चच्या मंडळीत नव्या वर्षाच्या उपासनेला प्रत्येकाने परडीतून बायबलमधल्या वचनाची एक चिठ्ठी उचलायची. ते वर्षभराचं आपलं वचन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी आई खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी पडून होती, म्हणून तिचं वचन मी उचललं. निघालं ते गरुडाचं: परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना नवी शक्ती मिळेल, ते गरुडासारखे उडतील, धावतील तरी दमणार नाहीत, चालतील तरी थकणार नाहीत. मी हरखून रिक्षा केली नि थेट घर गाठलं.

पण कसलं काय! आईसाहेबांनी अर्थ लावला की आपण फक्त वाट पाहायची. आधी शक्ती येणार, मग आपण उठणार. डॉक्टरांनी बजावलं होतं, आत्ता वॉकर धरून चालल्या नाहीत तर कायमच्या खाटेला खिळतील. आई शांतपणे म्हणायची, देवापेक्षा डॉक्टर मोठा नाही. भेटायला आलेल्या बायकाही माना डोलवायच्या. माझं डोकं फिरायचं. रोज भांडण व्हायचं आणि भांडायला मात्र तिच्यात भरपूर जोर असायचा.

फेब्रुवारीत हंगामाचा सण होता. शेतातलं पहिलं पीक त्या दिवशी वेदीपुढे ठेवतात. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातल्या द्राक्षांची टोपली दरवर्षी आईच नेई. पंधरा-वीस दिवस आधी धाकटी आत्या आली नि मायेने म्हणाली, "वहिनी, यंदा टोपली मी नेते. तुम्हाला आता कुठलं जमायचं?"

आत्या गेल्यावर आई मला म्हणाली, "तो वॉकर आण."

पहिल्या दिवशी दारापर्यंत जाऊन रडली. मीही रडले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उठली, मग रोजच.

सणाला टोपली वॉकरलाच बांधली. आई चर्चच्या मधल्या वाटेने निघाली तशी सगळी मंडळी उठून उभी राहिली. तिने थांबून दरडावलं, "बसा की खाली, वरात नाही निघालेली." हशा पिकला. टाळी वाजवली ती सगळ्यात आधी आत्याने. मी मागोमाग होते.

टोपली वेदीपुढे पोचली. मी कोपराला धरायला गेले तर आईने हात झटकला. धापा टाकत होती, पण चेहरा असा फुललेला, की मला हुंदकाच फुटला.

"अगं, देव आधी शक्ती भरून देत नाही," ती म्हणाली. "पाऊल टाकलं की देतो."

आणि वॉकर वळवून परत चालायला लागली.