मसाल्याच्या डब्यावरचं नाव

मामा गेले. आज सकाळी, चहाच्या आधी.

शहाद्यात कधी स्टीलची भांडी घेतली असतील तर तुम्ही माझ्या मामांना पाहिलं असेल. भांड्याच्या दुकानाबाहेर छोटं टेबल, त्यावर नाव टाकायचं मशीन आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न.

"नाव काय टाकानं?"

लग्नातलं पातेलं असो की बारशाची वाटी. देणाऱ्याचं नाव पडल्याशिवाय भांडं तिथून हलायचं नाही.
आयुष्यभर माणूस दुसऱ्यांची नावं टाकत बसला. पाठ गेली, डोळे गेले. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका.

मी चित्रं काढते. वस्तूंवर छापायची. डबे, ट्रे, चादरी, गिफ्ट रॅप.
यात चित्र विकायचं नसतं. कंपनीला ठरावीक वस्तूंवर, ठरावीक काळ वापरायला द्यायचं असतं. लायसन्सिंग म्हणतात त्याला.

ऐकायला भारी वाटतं.
करायला म्हणजे, "लाल जरा कमी लाल करता येईल का?" या मेलला बाराव्यांदा गोड उत्तर द्यायचं.

पहिल्याच कामात मी माती खाल्ली.
नंदुरबारकडे मिरच्या वाळत घालतात ना, लांबच लांब लाल पथाऱ्या, त्यांचं चित्र होतं. कॉन्ट्रॅक्ट आलं. मी त्यात फक्त सही कुठे करायची तेवढं शोधलं.
चित्र कायमचं गेलं. माझं नावसुद्धा कुठे नाही.

काही महिन्यांनी ते चित्र मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर बसून, मामा ज्याच्या बाहेर बसायचे त्याच दुकानात आलं.

मामांनी बोलावून घेतलं. डबा उलटासुलटा करून बघितला.

"हाई चित्र तू काढेल शे ना?"

"हा मामा."

"मंग तुन्हं नाव कथं शे?"

मी सांगितलं, सही करून बसले, आता काही करता येत नाही. मामा भडकले.

"बिछायतवाला लगीनले भाडावर भांडा देस. ईकी टाकस का? वापरवाले देवानं, पोरी! देई नही टाकानं!"

लायसन्सिंगवर मी दोन ऑनलाइन कोर्स केलेत. वापरायला द्या, विकून टाकू नका, यापेक्षा सोपं कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर मामांनी काय करावं? त्या दुकानातून मिरचीवाला जो डबा विकला जाईल, त्याच्यावर गिऱ्हाइकाचं नाव टाकून झालं की खाली, न विचारता, फुकटात टाकायचे,
"वैशाली, शहादा."

मला पत्ताच नाही!

मग म्हसावदला एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारच्या काकूंनी नाव-गाव विचारलं. सांगितलं तर बाई हातातला घास ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या.

"तूच का ती? तुन्हा डबा मन्हा घर शे! मन्ही पोरना लगीनमा ऊना व्हता. कोन वैशाली, आम्ले समजेच नही!"

लग्नात आलेल्या भांड्यावर नाव म्हणजे आहेर देणाऱ्याचं. आमच्याकडे दुसरा अर्थच नाही.
त्यांच्याकडून इतकी वर्षं माझा परतीचा आहेर राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी काकूंनी ब्लाऊजपीस आणि नारळ घरी पाठवला.

मी मामांवर चिडले. "मामा, लोकंस्ले वाटस मी आहेर दिन्हा!"

मामांनी मशीन बंदसुद्धा केलं नाही.
"मंग? दिन्हाच ना तू. चित्र तं तुन्हंच शे."

त्या दिवसापासून नावाशिवाय सही केली नाही. कामं हातची गेली, तरी नाही केली.

पण खरं सांगू का, थकले हो मी.
प्रत्येक वेळी तेच भांडण. नाव छोटं टाका, मागे टाका, पण टाका. समोरच्यांना वाटतं ही बाई नखरे करते.

पंधरा दिवसांपूर्वी एका मोठ्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट आलं. आजवरची सगळी चित्रं एकदम हवीत. कायमची. नाव नाही. आणि मी ठरवलं होतं, देऊन टाकायची आणि मोकळं व्हायचं.

परवा मामांना फोनवर तेच सांगितलं. त्यांचा आवाज खोल गेलेला, धाप लागत होती.

"मामा, देई टाकस मी बठ्ठं. थकी गयी."



"थकी गयी ना, तं जपी जाय. सही नको करू."

(बाहेरच्या मित्रांसाठी: आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं.)

मी हसले. फोन ठेवला. तेच शेवटचं बोलणं.

आज संध्याकाळी सगळे घाटावरून परत आल्यावर मामीला पाणी द्यायला मांडणीवरचा ग्लास घेतला. सवयीने नाव बघितलं. नव्हतं.
दुसरा घेतला. नव्हतं. ताट, तांब्या, पातेलं, कशावरच नाव नाही.

"मामी, आपला भांडास्वर नाव कसं नही?"

मामी भिंतीकडे बघत म्हणाली, "मी कितला डाव सांगं. ते म्हनेत, घरना भांडा कोन उचली लई जावाव शे?"

मग खालच्या फळीवर, हळदीने पिवळा पडलेला, मिरचीवाला डबा दिसला.
अख्ख्या घरात त्या एकाच भांड्यावर नाव होतं.
माझं.

तो डबा मांडीवर घेऊन तिथेच खाली बसून रडले. खूप रडले.

घरी येऊन आधी त्या मेलला उत्तर पाठवलं. चित्रं विकायची नाहीत. वापरायला देईन, नावासकट. जमत असेल तर कळवा.

त्यांना नाही जमणार, माहितीये मला. आज भांडायची ताकदही नाही. उद्या बघू.

मामा, सही नाही केली.

आता तुम्ही जपा.