रविवार सोडून

बायको जाऊन वर्ष झालं. तिच्याबद्दल लिहायला बसलो की मी आधी प्रस्तावना लिहितो, मग प्रस्तावनेला टिपा, आणि तिच्यापर्यंत पोचेतो चहा निवलेला असतो. म्हणून या वेळी एकच गोष्ट सांगतो, तीही माझ्यामुळे बिघडलेली.

दोन हजार तीनच्या सुमारास आम्ही इथे परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात घर घेतलं. चार बेडरूम. एकीत आम्ही, एकीत माझी पुस्तकं, दोन रिकाम्या. आम्हाला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी पुण्यात सांगितलं होतं आणि इथेही सांगितलं. इथल्यांनी जरा गोड शब्दांत. ज्यांचे आईवडील सांभाळू शकत नाहीत अशी मुलं वाढवायला घरं हवी असतात, असं बायकोला तिच्या ऑफिसात कळलं. तिने ज्या संस्थेत अर्ज केला ती एका चर्चची होती, ऑफिस हेन्डरसनला.

"चर्चवाले आपल्याला कशाला विचारतील?" मी म्हणालो.

"ते नाहीच विचारणार. आपण विचारायचं," ती म्हणाली.

संस्थेच्या मेळाव्यात तिला एक सहा वर्षांची मुलगी भेटली. आई आजारी, बरी होण्यासारखी नाही. वडील कधीच निघून गेलेले. मुलीने बायकोच्या पर्समधला डबा उघडला, तिखटाने डोळ्यांतून पाणी गाळत सगळा चिवडा संपवला आणि आणखी मागितला. त्या संध्याकाळी बायकोने रिकाम्या खोलीच्या पडद्याचं माप घेतलं.

मग संस्थेची एक बाई आमचं घर बघायला आली. पन्नाशीची, शांत, दाराशी बूट काढून मोज्यांनी आत आलेली. ती आडपडदा न ठेवता बोलली. "मुलीच्या आईची एकच अट आहे. मुलीने तिच्याच श्रद्धेत वाढावं. आम्हीही शक्यतो आमच्या चर्चमधलीच घरं निवडतो, हे लपवत नाही. पण मुलगी तुमच्याबद्दल फार बोलते, म्हणून आले."

बायकोने विचार करून उत्तर दिलं. "दर रविवारी मी तिला चर्चला नेईन, आत बसेन. झोपायच्या आधीची प्रार्थना मला लिहून द्या, मी म्हणून घेईन तिच्याकडून. माझा त्यावर विश्वास नाही. पण तिचा मोडणार नाही."

बाईने ते लिहून घेतलं. मग देवघराकडे बघून विचारलं, "आणि हे?"

"ते माझं. तिला हात जोडायला सांगणार नाही."

बाईने तेही लिहिलं. मला वाटतं, तेवढ्यावर भागलं असतं. पण मी या भेटीसाठी लायब्ररीतून तीन पुस्तकं आणून वाचली होती, आणि वाचलेलं वाया घालवणं आमच्या घराण्यात पाप समजतात. मी सुरुवात केली. सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात, नावं तेवढी वेगळी, आमच्याकडे देव जास्त झाले असं कधी होत नाही. बाई ऐकत होती, त्यामुळे मला आणखी चेव आला. "तिच्या येशूलाही इथेच बसवू," म्हणत मी देवघरातल्या रांगत्या बाळकृष्णाला चार इंच सरकवून जागासुद्धा दाखवली.

बाईचं पेन थांबलं. "तिच्या आईला तो चार इंचांत नकोय," ती हळूच म्हणाली.

पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. मुलगी चर्चमधल्या एका कुटुंबात जाणार होती.

मी संस्थेविरुद्ध सात पानी तक्रार लिहिली. विषय, धर्मस्वातंत्र्य. बायकोने स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानेच ती वाचली.

"यात स्वातंत्र्य कुणाचं आहे?"

"आपलं."

"आणि त्या आईचं? मरायला टेकलेली बाई एक गोष्ट मागते आणि तू म्हणतोस, ती काही एवढी मोठी नाही, आमच्या कोपऱ्यात मावेल."

"अगं, मी आदरानेच बोलत होतो."

"तेच तर. तुझ्या आदरात सगळे मावतात, त्यामुळे तुला कुणाचं ऐकून घ्यावं लागत नाही."

मूल घरासाठी अडलेलं असताना धर्म बघून घर निवडावं, हे मला आजही पुरतं पटत नाही. पण तक्रार मी पाठवली नाही. माझी बाजू मांडणारे मुद्दे त्यात उत्तम होते. मुलगी मात्र सातही पानांत कुठे नव्हती.

बायकोने सरळ हेन्डरसनला फोन केला. जे ठरलं त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. उरलंसुरलं काही आहे का, एवढंच विचारलं. होतं. त्या कुटुंबाला स्वतःची तीन मुलं होती आणि आठवड्यातून एक दिवस विसावा हवा होता. शनिवारी सकाळी मुलीला आणायचं आणि रविवारी नऊच्या आत चर्चच्या दारात पोचवायचं, असं ठरलं.

पाच वर्षं ती आली. शनिवारी पुकेकोहेच्या मळ्यांवर जाऊन भाजी, मग पोहणं, मग तिचे ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, माझ्या पुस्तकांच्या खोलीत वाळत. रात्री बायको लिहून घेतलेली प्रार्थना तिच्याकडून म्हणून घ्यायची, आणि मी चुकून काही समजावून सांगायला लागलो की मला दाराबाहेर काढायची. बायकोला मुलगी मावशी म्हणायची, मला अंकल. मावशी व्हायला कष्ट लागतात, अंकल कुणीही होतो, असं बायकोचं मत.

बायको गेली त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. तेव्हा अकरा वर्षांची. इंग्रजीतच बोलली, नेहमीपेक्षा सावकाश.

"मावशीसाठी आम्हाला चर्चमध्ये प्रार्थना करायचीय. पण आधी तुम्हाला विचारलं पाहिजे. ती आमच्या चर्चची नव्हती ना. चालेल तुम्हाला?"

उत्तर माझ्या घशापर्यंत आलं होतं, उपोद्घातासकट. मी ते गिळलं.

"काय म्हणणार आहात?" मी विचारलं.

"मीच लिहिलंय. वाचू?"

तिने वाचलं. मी मध्ये बोललो नाही. त्यातली दोन वाक्यं मला पटली नाहीत. बायकोलाही पटली नसती. कुठली दोन, ते मी मुलीला सांगितलं नाही.

"चालेल," मी म्हणालो.