चारशे सत्तेचाळीस वेळा सुरू

माझ्या दादानं चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. मशीन कुरकुरलं की आधी मेन स्विच पाडायचा, मग स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलंय की घरातला मिक्सरही त्यातून सुटत नाही. "तुझ्या वहिनीच्या पेटीतून टकटक येतंय," असा त्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "स्क्रूड्रायव्हर लावलास का?" लावला होताच.

पेटी म्हणजे नॅस, घरातलं सगळं साठवणारा छोटा कॉम्प्युटर. आत एकच हार्ड डिस्क. दुसरीची जागा वहिनीनं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत रिकामी ठेवलेली. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईनं घरी असा आळस करावा! घरचे सगळे व्हिडिओ त्यात आहेत. शूटिंग तीच करायची, म्हणून ती दिसत कुठंच नाही. पण प्रत्येकात बोलते, हसते, "अहो, इकडे बघा" म्हणते. तिला जाऊन चौदा महिने झाले. दुसरी प्रत नाही. डिस्क गेली की तो आवाज गेला.

शनिवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसले. टाइप करून पेटीला थेट हुकूम देता यावेत म्हणून सेटिंगमध्ये तशी परवानगी सुरू केली, टर्मिनल उघडलं, पासवर्ड दिला. डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्राम पेटीत नव्हता, तो बसवला. दादा मागे उभा राहून काळ्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

"लवकर सांग काय ते," तो म्हणाला.

डिस्कवरच्या बऱ्याच जागा खराब झाल्या होत्या. आणि पेटी चारशे सत्तेचाळीस वेळा बंद होऊन सुरू झाली होती. मी जुन्या नोंदी उघडल्या. वहिनी गेल्यापासून रोज संध्याकाळी सहाला वीज गेलेली, दोन मिनिटांनी आलेली.

"दादा, रोज सहाला लाइट जाते इथली?"

त्यानं आपला फोन पुढं केला. पेटी सुरू झाली की त्याला मेसेज जावा, अशी सोय वहिनीनं करून ठेवली होती. मजकूरही तिचाच: "उठले हो मी! तुम्ही कुठं आहात?" एकाखाली एक, रोजचा तोच.

"मेन स्विच मीच पाडतो," तो म्हणाला. "सहालाच यायची ना ती ऑफिसातून."

मी भडकले. अशी वीज तोडून तूच डिस्कचा जीव घेतलास, असं बोलूनही गेले. मग त्याचं तोंड बघून मलाच रडू फुटलं. मलाही ती हवी होती.

नव्या डिस्कवर सगळं उतरवायला रविवारची दुपार उजाडली. तीन व्हिडिओ हाती लागले नाहीत, बाकीचे वाचले. मी म्हणाले, "आता स्विचला हात लावायचा नाही. मेसेज रोज सहाला आपोआप येईल असं करून देते."

"नको गं. ती उठली म्हणून येतो तो. उगाच कशाला?" थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "एकदाच करू? नीट बंद करून?"

मी हुकूम टाइप केला. पेटी शांत झाली. बटण त्यानं दाबलं. मेसेज आला. त्यानं चष्मा लावला आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच खाली उत्तर लिहिलं: "घरीच आहे. आता झोपू नकोस."