‘नव्या मशीनवर चालत नाही’

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

शहरातल्या सदर भागात, लहानशा ऑफिसात मी व्यापाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहितो. काटोलच्या एका संत्रा पॅकिंग केंद्रासाठी लिहिलेला, निळ्या पडद्याचा एक प्रोग्राम बावीस वर्षं चालला. शेवटी तो वापरणारं ते एकच गिऱ्हाईक उरलं होतं. तिथले कारकून नामदेवराव तो चालवायचे. कोणत्या बागेतून किती क्रेट आले, माल आंबिया बहाराचा की मृग बहाराचा — सगळं त्यांच्या बोटांत होतं. बोटांत हा शब्द मुद्दाम वापरतो. त्यांना पडदा दिसत नव्हता. दोनदा खाली, एकदा एंटर, मग आकडा — बटणं मोजून ते काम करत. मालकांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

मग मालकांनी कॉम्प्युटरचं नवं मशीन घेतलं आणि फोनवर विचारलं, जुना प्रोग्राम यावर चालेल का? मी आधीच घरी तसल्याच मशीनवर तपासून पाहिलं होतं. चालत होता. छपाई तेवढी अडत होती. अकरा तासांचं काम, फार तर बारा. पण एका गिऱ्हाइकासाठी प्रत्येक नव्या मशीनमागे किती धावायचं? कंटाळलो होतो — एवढंच. मी म्हणालो, चालत नाही.

मालकांना शंका आली असावी. फोन चालू ठेवूनच त्यांनी नामदेवरावांना विचारलं, दुसऱ्या कोणाला दाखवायचं का? मला उत्तर ऐकू आलं.

“भाऊ म्हणते नाही चालत, तं नाही चालत.”

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी फोन ठेवला.

नव्या प्रोग्राममध्ये सगळं माउसवर. नामदेवरावांना पडद्यावरचा बाण सापडेना. चार दिवस त्यांनी अंदाजाने निभावलं. पाचव्या दिवशी एका बागेचे क्रेट दुसरीच्या नावावर गेले, आणि डोळ्यांचं उघड झालं. मालक वाईट काही बोलले नाहीत. आता घरी आराम करा, म्हणाले.

महिन्याभराने ते मुलीचा हात धरून माझ्या ऑफिसात आले. मला वाटलं, कळलं असेल — आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं. पण ते आभार मानायला आले होते.

“भाऊ, बावीस वर्स तुमीच तं चालवलं मले.”

मी म्हणालो, त्यात काय एवढं.