सहा गियरची निळी सायकल

सासऱ्यांची सायकल माझ्या हातून मोडली, आणि त्यानंतर दोन महिने मी ती उत्तम चालते असं सांगत राहिलो. (मी फारसा बोलत नाही, त्यामुळे माझं खोटंही थोडक्यात असतं.)

पोट कमी करायला म्हणून आणली होती. सासरे, म्हणजे आनंद नगरचे अण्णा, कारखान्यातून निवृत्त झालेले, सायकलला टूथब्रशने आंघोळ घालणारे. ती सायकल ते कुणाला हात लावू देत नसत. मला दिली. "जावईबापू कमी बोलतात, म्हणजे जपून वागतात," हा त्यांचा हिशोब.

मी कोटऱ्याच्या चढावर सगळा जोर लावून गियर बदलला. कडाड! साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा भाग स्पोकमध्ये घुसला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

सायकलच्या दुकानदाराने ते तुकडे हातात घेऊन पाहिले. "ये सिक्स-स्पीड का है. अब नहीं आता."

"जो आता है, वो लगा दो."

"लगा देंगे. फिर चकरी बदलेगी. चकरी बदली तो चेन बदलेगी. चेन बदली तो हैंडल का शिफ्टर बदलेगा."

"फिर बचेगा क्या?"

"घंटी."

नुसत्या घंटीवर अण्णांची समजूत पटणं अवघड होतं. शेवटी दुकानदारानेच मार्ग सांगितला : अशीच दुसरी जुनी सायकल शोधा, तिचा भाग काढून हिला लावा.

मग मी जुन्या वस्तूंच्या अॅपवर ठाण मांडलं. (बायकोला वाटलं, शेअर बाजारात उतरलो.) आणि एक दिवस सापडली! निळी, सहा गियरची, त्याच कंपनीची, आणि तीही आनंद नगरमध्ये. फोटो दसऱ्याचा होता, झेंडूच्या हारांखाली सायकल जेमतेम दिसत होती. विकणाऱ्याचं नाव नव्हतं, पण माणूस भाविक वाटला. नाव मीही दिलं नव्हतं.

"गियर कैसा है?" मी लिहिलं. (आमच्या शहरात अनोळखी माणसाशी हिंदीच.)

"मक्खन."

"पक्का?"

"घर के आदमी के पास है. बहुत संभालकर चलाता है."

त्या घरच्या माणसाबद्दल मला आदर वाटला. असा एखादा आमच्या घरात का नाही, असंही वाटलं.

रविवारी सकाळी दहाला भेटायचं ठरलं. शनिवारी अण्णांचा फोन आला.

"जावईबापू, उद्या नऊपर्यंत सायकल घेऊन याल का? गुडघे ऐकत नाहीत, विकून टाकतो. गिऱ्हाईक मिळालंय. जरा विचित्र आहे, किमतीचं विचारतच नाही, नुसतं गियर-गियर करतंय."

मी "बरं" म्हणालो. त्या दिवसातलं ते माझं सर्वांत लांब वाक्य.

सायकल लोडिंग ऑटोतून नेली. "टायर मळू नयेत म्हणून," असं सांगितलं. अण्णा गहिवरले. मोडकी बाजू भिंतीकडे करून मी ती उभी केली.

दहा वाजले. गिऱ्हाईक आलं नाही. म्हणजे आलं होतं, पोहे खात होतं.

"लोकांना शब्दाची किंमत नाही हो," म्हणत अण्णांनी फोनवर काहीतरी लिहिलं.

माझ्या खिशात टिंग.

अण्णांनी खिशाकडे पाहिलं. पुन्हा लिहिलं. टिंग. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं एक टिंब पाठवलं. टिंग.

ते उठले, सायकल भिंतीपासून फिरवली, मागचं चाक बराच वेळ न्याहाळलं. जावयाला तोंडावर बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. पण गिऱ्हाइकाला बोलायला कसली आडकाठी? येऊन शेजारी बसले, चष्मा लावला आणि टाइप करू लागले.

"गियर किसने तोड़ा, भाई साहब?"

बशी खाली ठेवून मी लिहिलं, "मैंने."

"कब?"

"दो महीने पहले."

"बताया क्यों नहीं?"

मी मग लिहिलं, "शरम आई. आपने भरोसे से दी थी."

"गधे हो."

एवढं पाठवून अण्णांनी मान वर केली आणि अतिशय आदराने विचारलं, "जावईबापू, आणखी थोडे पोहे?"

सायकल मीच घेतली. सध्या एकाच गियरवर चालते. अॅपवर गिऱ्हाइकाविषयी शेरा द्यायची सोय आहे. अण्णांनी मला पाचपैकी एक तारा दिलाय आणि खाली लिहिलंय, "आदमी टाइम पर आया. सच थोड़ा लेट हुआ."