मुका नारळ

सगळं गाव तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणायचं, पण तिच्या दारात जाणारी मी, इस्कांग, एकटीच, तीही कुंपण एक म्हणून. तिया मेनांग तोंडाची फटकळ. मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं जमायचं.

तिच्या अंगणात नवऱ्यानं, गोरिओनं, लावलेला एक माड होता. मकापूनोचा, असं रोप विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मकापूनोच्या पोटात पाणी नसतं, मऊ दाट गर असतो, आणि सणाला आम्हाला मिठाई त्याचीच लागते. पण तो नारळ स्वतः रुजत नाही. त्याच्या घडातला साधा, पाण्याचा भाऊ लावायचा आणि वाट बघायची. गोरिओ वाट बघता बघताच गेला. पुढे माड फळला, पण जो नारळ फोडावा त्यात पाणी. विकणाऱ्यानं गोरिओला टोपी घातली, असं लोक तियाच्या तोंडावर म्हणायचे.

लेक बेलेन कुवेतला कामाला. जाताना म्हणाली, "माड तोड, घर विक आणि मनिलाला मामाकडे जा. एकटी राहू नकोस." तिया ऐकेना. तेव्हा पोरगी चिडून बोलून गेली, "मग पहिला मकापूनो निघाला की कळव, तेव्हाच येईन!" रागातलं बोलणं ते, पण तियानं तेच धरून ठेवलं. तिचा फोन बाळ येशूच्या मूर्तीपाशी पडून असायचा. "बेलेनचा फोन आला का?" मी विचारायची. "नाही करत. तिला नको असेन तर मी का करू?" मायलेकी एकाच माळेचे मणी.

नारळ पाडायला गावातला बादोंग चढायचा. पडलेला प्रत्येक नारळ तिया कानाशी धरून हलवायची. आत पाणी वाजलं की बाजूला भिरकावायची. "बोलका नको मला, मुका हवा," म्हणायची.

"या वयात मुका, तिया?" बादोंग वरून ओरडायचा.

"खाली ये, देते तुला झाडूनं!"

मग मोठं वादळ आलं आणि माड बरेच दिवस वांझ राहिला. परवा पुन्हा पाडणी निघाली. बादोंगनं वरून तोच जुना विनोद केला, पण तियानं उत्तर दिलं नाही. मला वाटलं, बाई खचली. तिनं एक नारळ हलवला, दुसऱ्या कानाला लावून पुन्हा हलवला आणि मटकन खाली बसली.

"इस्कांग! मुका आहे गं! गोरिओ, बघ रे!" ती रडत होती आणि हसत होती. दुसरा उचलला. "हाही मुका!" मग तिसराही.

मी हातभर अंतरावर उभी होते. तिन्ही नारळ खळखळ वाजत होते.

बादोंगनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी जन्माची ओरडून बोलणारी, म्हणून माझं तिला कळत राहिलं. दुसरं त्या घरात बोलायला होतं कोण? तिचे कान कधी गेले, हे तिलासुद्धा कळलं नव्हतं.

सांगायची वेळच आली नाही. तिनं कोयता घेऊन नारळ फोडला, पाणी पायांवर सांडलं. दुसरा फोडला, पाणी. ती किती तरी वेळ ओल्या पायांकडे बघत बसली. मग तिची नजर मूर्तीकडे गेली.

"इस्कांग, तुझ्या फोनवरून माझा लाव."

मी लावला. मूर्तीपाशी फोन ठणाणा वाजू लागला, दारातल्या कोंबड्या उडाल्या. तिया माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वाजतोय?"

मी मान डोलावली. तिचा फोन उचलून बघितला, तर बेलेनच्या न घेतलेल्या फोनांची रांग. मी तिच्या कानात ओरडले, "दर रविवारी करते गं पोरगी, मी चर्चला असते तेव्हा!"

तियानं ओल्या हातांनीच तोंड पुसलं. "लाव तिला. तूच बोल."

फोन लागला, तशी तिनं माझी बाही घट्ट धरली.

"पाणीच निघालं म्हणून सांग. तरी ये म्हणावं."